लायडनचा वेढा (१५७४): बांध फोडले ऑगस्टमध्ये, बोटी पोचल्या ऑक्टोबरात. मधे दोन महिने काय चाललं होतं?

अर्धवट_वाचक

मंडळी एक बेसिक प्रश्न आहे, हसू नका. सध्या डच लोकांनी स्पेनविरुद्ध केलेल्या बंडाबद्दल जमेल तसं वाचतोय आणि लायडन शहरापाशी येऊन गाडी अडकलीये. जिथे बघावं तिथे तीच चार वाक्यं. स्पॅनिश सैन्याने वेढा घातला, लोक उपाशी मरायला लागले, बंडाचा पुढारी ऑरेंजच्या विल्यमने बांध फोडून समुद्र आत घेतला, बोटी थेट शहराच्या तटापर्यंत आल्या आणि वेढा उठला. ऐकायला भारीच आहे पण मी तारखा बघितल्या तर बांध फोडायला सुरुवात ३ ऑगस्ट १५७४ ला आणि शहर सुटलं ३ ऑक्टोबरला, म्हणजे बरोब्बर दोन महिने! समुद्रच आत सोडलाय तर पाणी पोचायला दोन महिने कशाला लागतील?

दुसरं, स्पॅनिश पायदळ तेव्हा युरोपात एक नंबर समजलं जायचं ना, मग तट फोडून आत का नाही घुसले, नुसते बाहेर बसून का राहिले?

आणि तिसरं, जमलं तर सांगा, हे युद्ध नक्की धर्माचं होतं का टॅक्सचं का स्वातंत्र्याचं? प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलेलं असतं.

गाळमाती

हसायचं काय त्यात, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. "समुद्र आत घेतला" या एका वाक्याने सगळा घोळ केलाय, ते वाचलं की डोळ्यासमोर भलीमोठी लाट येते आणि तिच्यावर बसून बोटी. प्रत्यक्षात बराच वेळ गुडघाभर पाणीसुद्धा नव्हतं.

आधी नकाशा बघा. लायडन समुद्रापासून फार लांब नाही पण मधे वाळूच्या टेकड्या आहेत, तिकडून पाणी येऊच शकत नाही. पाणी आणायचं ते दक्षिणेकडून, रॉटरडॅमजवळच्या मास आणि आयसेल नद्यांमधून, म्हणजे साधारण ३० किलोमीटर लांबून. या नद्यांना समुद्राची भरती लागते. ३ ऑगस्टला कापेल गावाजवळ आयसेलचा बांध फोडला, विल्यम तिथे स्वतः उभा होता, आणि रॉटरडॅम, स्खीडाम या बाजूचे पाण्याचे दरवाजेही उघडून टाकले.

आता मधली ही जमीन म्हणजे एक मोठं परातीसारखं भांडं नाहीये, फ्रिजमधला बर्फाचा ट्रे असतो ना तसं समजा. प्रत्येक खणाला स्वतःचा बांध. आणि खण केवढे, तर गावंच्या गावं मावतील एवढे. पहिला खण भरणार, तोसुद्धा भरतीला येईल तेवढंच पाणी घेऊन, मग पुढचा बांध फोडा, मग तो खण भरायची वाट बघा. एवढ्या पसाऱ्यावर पाणी चढणार कसं, इंच इंच करतच. त्यात हाल आणखी असे की नेमका त्याच महिन्यात विल्यम रॉटरडॅममध्ये तापाने आडवा झाला, इतका की तो मेला अशी आवई उठली होती. बोटी गोळा करायच्या, त्यांच्यावर तोफा चढवायच्या, समुद्राकाठच्या झीलंड प्रांतातून खलाशी आणायचे, यातच ऑगस्ट संपला.

आरमाराचा प्रमुख लुई बॉइसो. त्याच्याकडे सपाट बुडाच्या दोनेकशे बोटी आणि झीलंडचे खलाशी, तेच ते "समुद्री भिकारी". (हे नाव १५६६ चं. काही सरदार अर्ज घेऊन गेले होते तेव्हा दरबारातल्या कोणीतरी त्यांना भिकारी म्हणून हिणवलं, तर यांनी तीच शिवी बिरुदासारखी मिरवायला घेतली.)

१० सप्टेंबरच्या रात्री हे लोक लांडस्खाइडिंग नावाच्या बांधापाशी पोचले, शहरापासून आठेक किलोमीटरवर. नावाचा अर्थच जमिनीची हद्द. हा पाण्याच्या वर जेमतेम दीड फूट होता आणि त्याच्यावर स्पॅनिश पहारा अगदीच विरळ. रात्रीत बांध घेतला, सकाळी भोकं पाडली, बोटी पलीकडे. सगळ्यांना वाटलं झालं, आता सरळ लायडन. तर पुढे दुसरा बांध, ज्याच्याबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं. तो फोडला तर त्याच्यापुढे पाणी इतकं उथळ पसरलेलं की बोटी चिखलात बसल्या, आणि एक खोल कालवा होता त्याच्या दोन्ही बाजूंना स्पॅनिश तोफा.

१८ तारखेच्या सुमारास वायव्येचं वादळ आलं, पाणी चढलं, झुटरमेरच्या बाजूने वळसा घालून आणखी पुढे सरकले, परत अडकले. आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत वारा पूर्वेचा. हा वारा सगळ्यात महत्त्वाचा आहे. वायव्येचा वारा समुद्राचं पाणी नद्यांच्या तोंडात ढकलतो, पूर्वेचा उलटं बाहेर ढकलतो. बोटींना निदान दीड-दोन फूट पाणी लागायचं आणि होतं नऊ-दहा इंच. म्हणजे आरमार शेतात उभं, शहर डोळ्यांना दिसतंय आणि काही करता येत नाही. तुमचे दोन महिने हे असे गेले.

शेवटी १ आणि २ ऑक्टोबरला उधाणाची भरती आणि वादळ एकदम जमून आलं. आधी वायव्येचा वारा, मग नैऋत्येचा, म्हणजे आधी पाणी आत आणलं आणि मग तेच पाणी लायडनकडे रेटलं. एका रात्रीत बोटी तरंगल्या. त्या रात्रीची वर्णनं वाचाच, झाडांचे शेंडे आणि बुडालेल्या घरांची धुराडी यांच्यामधून वाट काढत अंधारात बोटींची लढाई.

तोफ_थंड

थोडक्यात विल्यमने खड्डा खणला आणि पाणी वरुणदेवाने भरलं 😀

बुरुजावरची_घार

दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो.

आत का नाही घुसले याचं एका शब्दात उत्तर हार्लेम. लायडनच्या आधी डिसेंबर १५७२ ते जुलै १५७३ असे सात महिने त्यांनी हार्लेमला वेढा दिला होता, तिथे तोफांनी तट पाडून हल्ले केले आणि मार खाल्ला, थंडीत माणसं गेली ती वेगळीच. शेवटी हार्लेम पडलं ते उपासमारीने. शरण आल्यावर शिबंदीतल्या बहुतेकांची कत्तल केली, त्याचा परिणाम असा झाला की बाकीच्या शहरांना कळून चुकलं, शरण गेलो तरी मरणारच आहोत मग लढून मरू. पुढे अल्कमारवर सप्टेंबर १५७३ मध्ये सुलतानढवा केला तोही फसला, तिथेही बांध फोडायची तयारी सुरू झाल्यावर ८ ऑक्टोबरला वेढा उठवून निघाले.

त्यामुळे लायडनला स्पॅनिश सेनापती फ्रान्सिस्को दे वाल्देसने ठरवलं की तोफा नकोत, रक्त नको, नुसतं दाबून बसायचं. शहराभोवती साठेक गढ्या आणि मोर्चे, सगळे रस्ते आणि कालवे बंद. दाणागोटा संपला की दरवाजा आपोआप उघडेल. हिशोब चुकीचा नव्हता बरं का. वाल्देसने हल्ला न करून मोठी चूक केली असं नंतर त्याच्याच लोकांनी ऐकवलं, पण मला विचाराल तर दहातले नऊ सेनापती त्याच्या जागी हेच करतील. शिवाय सैन्याचा पगार थकलेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी मोकच्या लढाईत विल्यमचे दोन भाऊ मारले, एवढा मोठा विजय, आणि लगेच पगारासाठी बंड करून सैन्य अँटवर्पमध्ये घुसलं! असल्या लोकांना घेऊन तटावर चढायचं म्हणजे अवघडच.

आणि एक गोष्ट लायडनवाल्यांच्या भक्तांना आवडणार नाही. हा वेढा दुसरा होता. पहिला ऑक्टोबर १५७३ मध्ये पडला आणि मार्च १५७४ मध्ये उठला, कारण विल्यमच्या भावाची फौज जर्मनीतून आली म्हणून स्पॅनिश तिकडे पळाले. मधे दोन महिने शहर मोकळं होतं. विल्यम सांगत होता की धान्य भरा, शत्रूने सोडलेल्या गढ्या पाडून टाका. यांनी धड धान्य भरलं नाही आणि गढ्याही पाडल्या नाहीत. २५-२६ मेच्या रात्री वाल्देस परत आला तर त्याला जुनी घरं तयारच मिळाली. पुढे जी कुत्री-मांजरं खायची वेळ आली त्यातला मोठा भाग या आळसाचा आहे.

अर्धवट_वाचक

@गाळमाती बर्फाच्या ट्रेने एका मिनिटात डोक्यात प्रकाश पडला, थँक्स. @बुरुजावरची_घार दोन वेढे होते हेच मला माहीत नव्हतं, सगळीकडे एकच धरून लिहितात.

पण एक सांगा, आतले लोक फुटले कसे नाहीत? चार महिन्यांच्या वर! आणि तो महापौर, ज्याने "मला कापून खा पण शहर देणार नाही" म्हणून आपला हात पुढे केला, ते खरं आहे का?

उत्तररात्र

हाताची गोष्ट चिमूटभर मीठ लावून घ्या. पीटर आद्रियानझोन फान दर वेर्फ हा माणूस खरा, उपाशी जमाव त्याच्यावर चालून गेला यावरही शंका घ्यायचं कारण नाही, पण हाताचा डायलॉग नंतर चढवलेला दागिना वाटतो. लायडनला एका वेळी चार बर्गोमास्टर म्हणजे महापौर असायचे, त्यातला हा एक, आणि शेवटच्या दिवसांत त्याचंही मन डळमळत होतं असं मानणारे इतिहासकार आहेत. पुढे १९व्या शतकात डच लोकांना राष्ट्रीय हिरो हवे होते तेव्हा याच प्रसंगाचं अवाढव्य चित्र काढलं गेलं, फान ब्रे नावाच्या चित्रकाराचं, ते लायडनच्याच लाकेनहाल म्युझियममध्ये आहे. आज आपण ती गोष्ट ऐकतो ती बरीचशी त्या चित्रातून ऐकतो.

माझं मत विचाराल तर फान दर वेर्फपेक्षा दोन माणसं जास्त इंटरेस्टिंग आहेत. एक यान फान दर डूस, लॅटिन कविता लिहिणारा जमीनदार, विल्यमचा शहरातला प्रतिनिधी सप्टेंबरात प्लेगने मेल्यावर संरक्षणाची जबाबदारी याच्या गळ्यात. आणि दुसरा यान फान हाउट, शहराचा सेक्रेटरी.

फुटले कसे नाहीत म्हणता, तर फुटायला तयार लोक भरपूर होते. राजाच्या बाजूचे काही लायडनकर आधीच शहराबाहेर सटकले होते, त्यांना "ग्लिपर" म्हणायचे, ग्लिपर म्हणजे निसटून गेलेला. वाल्देसच्या बाजूने हेच लोक आपल्या ओळखीच्यांना पत्रं लिहायचे की अरे माफी मिळतेय, या बाहेर. शहराने उत्तर पाठवलं ते एक लॅटिन ओळ, शाळेत पोरांकडून घोकून घेत तसली: पारधी पाखराला फसवतो तेव्हा बासरी गोडच वाजवतो. बस, एवढंच. हार्लेमचं ताजं असताना माफीवर विश्वास कोण ठेवणार.

बाहेरची बातमी यायची कबुतरांवरून. बांध फोडलेत, बोटी निघाल्यात, अजून थोडं धरा, असली पत्रं. ज्या घरातली कबुतरं होती त्यांना पुढे "फान डाउफनबोडे" असं आडनावच मिळालं, अर्थ कबुतर-जासूद.

बाकी मरण कशाने आलं म्हणाल तर तोफेने फार कमी, उपासमार आणि प्लेग यांनीच. १५ ते १८ हजार वस्तीतले साधारण ६ हजार गेले. तिसऱ्या प्रश्नाचं जेवून आल्यावर लिहितो, वेढ्याबद्दल लिहिताना हे म्हणायला बरं वाटत नाहीये.

गाळमाती

तोवर एक राहिलेलं. या सगळ्यात शेतकऱ्यांबद्दल कोणीच बोलत नाही. ऑगस्टमध्ये बांध फोडले म्हणजे उभं पीक, कापणीच्या तोंडावर. गावंच्या गावं पाण्याखाली, गुरं हलवायची कुठे हा प्रश्न. "गमावलेल्या मुलुखापेक्षा नासलेला मुलूख बरा" असं तेव्हा म्हटलं गेलं, पण हे म्हणणारे लोक तटाच्या आत राहणारे होते, नासणारा मुलूख दुसऱ्याचा होता. पिढ्यानपिढ्या जे बांध राखायला राबायचे त्यांच्याच डोळ्यादेखत ते कुदळीने फोडले, मला या वेढ्यातलं सगळ्यात वाईट दृश्य हेच वाटतं. उपाशी शहरापेक्षाही? माहीत नाही, पण त्याच्या जवळपास.

आणि गंमत बघा, हीच आयडिया वाल्देसलाही सुचली होती. अख्खं हॉलंडच बुडवून बंडखोरांचा विषय संपवू असा प्रस्ताव स्पेनच्या राजापर्यंत गेला. दुसऱ्या फिलिपने नाही म्हटलं, कारण त्याने कायमचं क्रूर म्हणून नाव लागेल. ज्याला सगळे राक्षस म्हणतात त्याने पाणी सोडलं नाही, सोडलं ते दुसऱ्या बाजूने. नक्कीच दोन्ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत, एकाला शहर सोडवायचं होतं आणि दुसऱ्याला देश बुडवायचा होता, तरी ज्याचं शेत गेलं त्याला काय फरक.

तोफ_थंड

माझी वरची कॉमेंट परत घेतो.

उत्तररात्र

आलो. तर धर्म का टॅक्स का स्वातंत्र्य.

टॅक्स खरा होता. स्पेनच्या राजाने पाठवलेल्या ड्यूक ऑफ आल्बाने प्रत्येक विक्रीवर दहा टक्के लावायचा घाट घातला, त्याने कॅथलिक व्यापारीही खवळले. धर्मही खरा. १५६६ मध्ये प्रोटेस्टंटांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, मग आल्बा आला आणि त्याच्या खास न्यायालयाने हजाराच्या वर लोकांना मारलं. पण समुद्री भिकाऱ्यांनी १ एप्रिल १५७२ ला ब्रीलं बंदर घेतलं आणि त्यामागोमाग लायडनसारखी शहरं बंडात आली तेव्हा त्या शहरांमध्ये कट्टर कॅल्व्हिनवादी (प्रोटेस्टंटांमधला कडवा पंथ) अगदी थोडे होते. बहुसंख्य लोक मधलेच, कॅथलिक म्हणून जन्मलेले आणि दोन्हीकडच्या जाळपोळीला कंटाळलेले.

आता तुमच्या प्रश्नावर वेढ्यातच झालेलं भांडण सांगतो. शहरात नाणी संपली. चांदी नाही, तर यांनी काय केलं, कॅथलिक चर्चची जुनी प्रार्थनेची पुस्तकं घेतली, त्यांची पानं एकावर एक चिकटवून दाबली आणि गोल कापून त्यांवर छाप मारला. कागदाची नाणी! अजूनही संग्रहांत आहेत आणि युरोपातला कागदी पैशाचा पहिला नमुना म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं होतं "हेक लिबेर्टाटिस एर्गो", हे स्वातंत्र्यासाठी.

झालं, एक धर्मोपदेशक चर्चमध्ये व्याख्यान देताना चिडला. स्वातंत्र्यासाठी कसलं, धर्मासाठी लिहा, आपण देवासाठी उपाशी मरतोय का तुमच्या हक्कांसाठी? असा किस्सा सांगतात की फान हाउट शेजारी बसलेल्या फान दर वेर्फला पिस्तूल दाखवून म्हणाला, याला खाली पाडू का? फान दर वेर्फने त्याला कसंबसं शांत केलं. म्हणजे तुमच्या प्रश्नावर त्यांचंच एकमत नव्हतं आणि त्यांनी तो भर चर्चमध्ये पिस्तुलापर्यंत नेला होता, आपण तरी इथे बरे वागतोय.

भिकाऱ्यांचं तर आणखी वेगळं, टोपीला चंद्रकोरीचा बिल्ला लावून फिरायचे, त्यावर कोरलेलं "पोपवाल्यांपेक्षा तुर्क बरे". तुर्कांशी यांचं काही देणंघेणं नाही, नुसतं समोरच्याच्या वर्मावर बोट.

अजून एक. वेढा उठल्यावर चार महिन्यांनी, ८ फेब्रुवारी १५७५ ला लायडनला विद्यापीठ मिळालं. टॅक्समाफी हवी का विद्यापीठ असं विल्यमने विचारलं आणि लोकांनी विद्यापीठ मागितलं ही गोष्ट सगळे सांगतात, तिला काही आधार नाही. मजा सनदेत आहे. सनद निघाली कोणाच्या नावाने? दुसऱ्या फिलिपच्या! ज्याच्या सैन्याच्या वेढ्यात सहा हजार माणसं मेली त्याच्याच नावाने. कारण कागदावर हे लोक अजून राजाचे प्रजाजन होते आणि विल्यम राजाचा सुभेदार, भांडण म्हणे फक्त राजाच्या वाईट सल्लागारांशी.

बुरुजावरची_घार

सनदेचं मला दरवेळी वाचताना हसू येतं. फिलिपला कोणी ती वाचून दाखवली असेल तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतं.

बाकी लायडनला आजही ३ ऑक्टोबरला हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटतात, बॉइसोच्या बोटींवरून आलेलं पहिलं अन्न तेच म्हणून. आणि रात्री हुत्स्पॉट, म्हणजे कंद-भाज्या एकत्र शिजवून घोटलेला पदार्थ. स्पॅनिश लोक शहराजवळची लामेनची गढी सोडून पळाले तिथे एका पोराला विस्तवावर गरम हंडी सापडली म्हणे, तीही लाकेनहालमध्येच ठेवलीये, निदान हीच ती असं सांगतात. फक्त आज त्यात बटाटे असतात आणि १५७४ मध्ये हॉलंडमध्ये बटाटा कोणी खात नव्हतं, तेव्हा हंडीत असलाच तर पार्सनिप (गाजरासारखा पांढरा कंद) असणार.

अर्धवट_वाचक

भारी. शेवटचं एकच विचारतो मग थांबतो. लामेनची गढी सोडून पळाले म्हणता, म्हणजे लढाई न होताच? एवढे दोन महिने रेटून धरलं आणि शेवटच्या रात्री का पळाले?

गाळमाती

पाणी. झुटरवाउडेच्या बाजूचे लोक आधीच पाण्यातून धडपडत निघाले होते, बरेच बुडाले. लामेन मात्र मजबूत होतं, बॉइसो त्याला टरकून होता, शहरापासून अगदी हाकेच्या अंतरावर आणि वाटेत नेमकं हेच. त्याने ठरवलं सकाळी हल्ला करू, शहरातूनही लोक बाहेर पडतील.

त्या रात्री काळोखात प्रचंड आवाज झाला. पाण्याने पाया भुसभुशीत होऊन लायडनच्या तटाचा एक मोठा तुकडा कोसळला होता. शहरातल्यांना वाटलं स्पॅनिश आत घुसले. स्पॅनिशांना वाटलं शहरवाले बाहेर पडले. बोटींवरच्यांना काय वाटलं देव जाणे, त्यांना रात्रभर नुसते कंदील हलताना दिसत होते. पहाटे एक पोरगा लामेनकडे गेला आणि आतून टोपी हलवायला लागला, गढी रिकामी.

अर्धवट_वाचक

थांबा थांबा. म्हणजे चार महिन्यांच्या वर ज्या तटासमोर बसले तो त्यांच्या समोर आपोआप पडला आणि त्याच रात्री हे निघून गेले??

गाळमाती

हो ना. कोणी तिकडे जाऊन बघितलंच नाही.